डॉक्टर, वजाबाकीही करा

महाराष्ट्रातल्या समस्त डॉक्टर मंडळींस,



मी सांगलीत राहणारी ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका. ३४ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. माझे यजमान ७९ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. त्यामुळे दवाखान्यात नेणं-आणणं, फाइल सांभाळणं आणि गोळ्या देणं ही सगळी कामं माझ्याकडे आहेत.

पूर्वी दिवाळीत ज्यात बेसनाचे लाडू भरायचो, तो स्टीलचा मोठा डबा आता बारा महिने जेवणाच्या टेबलावर असतो. त्यात यजमानांची औषधं असतात. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी मी तो डबा रिकामा केला, पाकिटं ओळीनं मांडली आणि मोजली. पंधरा भरली. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, साखरेच्या, प्रोस्टेटच्या, गुडघ्याच्या, पित्ताच्या, झोपेच्या, चक्करेच्या आणि ताकदीच्या गोळ्या त्यात होत्या. डोळ्यांत घालायचे थेंब वेगळे. मी एका वहीत पाच रकाने आखले: गोळीचं नाव, कोणत्या डॉक्टरांनी दिली, कधी दिली, कशासाठी दिली आणि कधी बंद करायची. पहिले चार रकाने कसेबसे भरले. पाचवा शेवटपर्यंत कोरा राहिला. त्या कोऱ्या रकान्यामुळेच हे पत्र लिहायला बसले.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून हा सगळा मुलूख, पार कर्नाटकातल्या गावांपर्यंत, दवाखान्यावर भरवसा ठेवत आला आहे. माझ्या सासूबाई डॉक्टरांचं नाव घेतानाही हात जोडायच्या. आठ वर्षांपूर्वी यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा तुमच्यातल्याच एका डॉक्टरांनी मध्यरात्री झोपेतून उठून येऊन स्टेंट बसवला. आज आम्ही सकाळचा चहा समोरासमोर बसून पितो, तो त्यांच्यामुळे. म्हणून हे पत्र औषधांविरुद्ध नाही आणि तुमच्याविरुद्ध तर नाहीच. पण ज्याच्यावर विश्वास असतो, त्याच्याशी मोकळेपणानं बोलावं, असं मला वाटतं.

माझं पहिलं गाऱ्हाणं असं, की तुम्ही सगळे बेरीज करता, वजाबाकी कोणीच करत नाही.

यजमानांचे पाच तज्ज्ञ डॉक्टर आहेत: हृदयाचे, मधुमेहाचे, मूत्ररोगाचे, हाडांचे आणि डोळ्यांचे. शिवाय ताप-खोकल्याला गल्लीतले डॉक्टर. प्रत्येक जण आपापल्या विषयात हुशार आहे. प्रत्येकानं लिहिलेली गोळी त्याच्या विषयापुरती बरोबरच असेल. पण ती जाते एकाच माणसाच्या पोटात, एकाच मूत्रपिंडातून. या माणसाच्या पोटात एकूण काय काय जातं, याचा हिशेब सहापैकी एकाकडेही नव्हता. 'आधीच्या गोळ्या चालू ठेवा' हे वाक्य मी सगळ्यांकडून ऐकलं आहे. त्या आधीच्या गोळ्या कोणत्या, हे फार थोड्यांनी विचारलं.

याचं एक कारण मला हळूहळू कळलं. एकदा मी धीर करून एका तज्ज्ञांना विचारलं, "यातली एखादी कमी करता येईल का?" ते सौम्यपणे म्हणाले, "ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली आहे, मी कशी बंद करू?" दुसऱ्यांकडे गेले, तर तेही तसंच म्हणाले. तुमच्या व्यवसायातला हा शिष्टाचार मी समजू शकते. गोळी बंद केली आणि उद्या काही झालं, तर बोल तुमच्यावर येईल, ही भीतीही खरी आहे. सुरू केलेल्या गोळीबद्दल कोणी जाब विचारत नाही, बंद केलेल्या गोळीबद्दल मात्र विचारतात. पण डॉक्टर, तुम्ही एकमेकांचा मान राखता, त्याचा भार आमच्या म्हाताऱ्या शरीरावर पडतो. वयानं मोठ्या पेशंटनं दोन तज्ज्ञांच्या मध्ये निरोप्या होऊन फिरायचं आणि शेवटी दोघांच्याही गोळ्या घ्यायच्या, हे बरोबर नाही.

दुसरं गाऱ्हाणं त्याहून गंभीर आहे. औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्याच्यावर आणखी एक औषध दिलं जातं.

आमच्या घरात काय झालं ते क्रमानं सांगते. रक्तदाबासाठी एक गोळी चालू होतीच, तिच्या जोडीला अ‍ॅम्लोडिपिन आली. दोन-तीन महिन्यांत यजमानांचे पाय घोट्यापाशी सुजू लागले. बोट दाबलं की खळगा पडायचा, संध्याकाळी चप्पल पायात जायची नाही. मग सूज उतरवायला लघवीची गोळी आली. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून होताच, त्यामुळे रात्री चार-चार वेळा उठणं सुरू झालं. झोप मोडली, म्हणून झोपेची अल्प्राझोलाम आली. जुलैतल्या एका रात्री अडीचच्या सुमारास झोपेच्या अमलातच ते बाथरूमला गेले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. मी धावले, तर फरशीवर रक्त आणि डावा हात अंगाखाली. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके पडले. रुग्णालयात रक्त तपासलं, तर सोडियमही उतरलेलं होतं.

अ‍ॅम्लोडिपिननं काही जणांच्या पायांना सूज येते, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे ती सूज येते, अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नव्हे. म्हणून लघवीच्या गोळीचा तिथं फारसा उपयोग होत नाही. मूळ गोळी कमी केली किंवा बदलली असती, तर बहुधा पुढच्या दोन्ही गोळ्या लागल्याच नसत्या आणि ती रात्रही आमच्या वाट्याला आली नसती.

माझ्या नणंदेचीही अशीच हकीकत. पोट फुगतं म्हणून तिला पित्ताची जोडगोळी दिली, त्यात लेव्होसल्पिराइड होतं. ती गोळी ती दीड वर्ष घेत राहिली. हळूहळू हात थरथरायला लागले, चाल मंदावली, चेहऱ्यावरचं हसू हरवलं. कंपवात झाला असं समजून त्याची औषधं सुरू झाली. पुढे एका मेंदुविकारतज्ज्ञांनी पित्ताच्या गोळीचं पाकीट उलटून वाचलं आणि आधी ती गोळी बंद केली. चार-पाच महिन्यांनी माझी नणंद पुन्हा दारात रांगोळी काढू लागली. जी थरथर आम्ही वयाची समजलो होतो, ती त्या गोळीची होती.

औषधामागून औषध येण्याच्या या साखळीवर पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी १९९० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुमच्या शास्त्राला हे ठाऊक आहे. तरीही म्हाताऱ्या माणसाला चक्कर, विसरभोळेपणा, थरथर, बद्धकोष्ठ, तोल जाणं असं काही सुरू झालं, की 'वय झालं' म्हटलं जातं, नाहीतर नवी गोळी लिहिली जाते. 'ही तक्रार सुरू होण्याआधी कोणती गोळी सुरू झाली होती?' हा प्रश्न आम्हाला फार क्वचित ऐकायला मिळतो.

तिसरं गाऱ्हाणं औषधांच्या नावांचं.

पडल्यानंतर यजमान तीन दिवस एका खाजगी रुग्णालयात होते. उपचार चांगले झाले. घरी आलो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नवी यादी होती. मी मेडिकलमधून सगळ्या आणल्या आणि देऊ लागले. घरातल्या जुन्या गोळ्या बंद करा असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याही चालू ठेवल्या. चार दिवसांत यजमानांना उठलं की चक्कर यायला लागली. पलंगाच्या कडेला बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी चक्करेची गोळी दिली. मी डबा रिकामा करून पाकिटं मोजली, ती याच दिवसांत. वहीत नाव लिहायचं म्हणून भिंग घेऊन प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचत होते. निळ्या पाकिटावर बारीक अक्षरात टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. लाल पाकिटावर नाव वेगळं, कंपनी वेगळी आणि खाली पुन्हा टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. माझ्या हाताला घाम फुटला. नऊ दिवस मी माझ्या हातानं त्यांना रक्तदाबाची एकच गोळी दोनदा देत होते. म्हणजे पंधरा पाकिटांत औषधं चौदाच होती. त्या संध्याकाळी रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा ९० होता.

मी शिकलेली बाई आहे, इंग्रजी वाचू शकते. ज्या घरात कोणालाच ते बारीक अक्षर वाचता येत नाही, तिथं काय होत असेल?

औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हे मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये डॉक्टरांसाठीच्या नियमांत घातलं आहे. तरी आजही हातात पडणाऱ्या बऱ्याच चिठ्ठ्या मेडिकलवाल्याशिवाय कोणाला लागत नाहीत. त्यातच एका गोळीत दोन-तीन औषधं घातलेली असतात. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामोल, अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामोल, आणि तापासाठी ते आणखी वेगळं. अशा मिश्र औषधांपैकी १५६ औषधांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी घातली. आपल्या राज्यात डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधांच्या वापराचा अभ्यास करून, गरज नसलेल्या औषधांचा हा प्रश्न कितीतरी वर्षांपूर्वी मांडला होता. त्या वेळी मी तिकडे लक्ष दिलं नाही. आज तो प्रश्न आमच्या टेबलावर आहे.

मेडिकलच्या दुकानदारांनाही याच ओघात एक विनंती. दहा गोळ्यांच्या पाकिटातून सहा कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख कोणत्या तुकड्यावर राहते, तेवढं बघा. आमच्या डब्यात असे तीन बिननावाचे तुकडे निघाले. फेकून देण्यावाचून इलाज नव्हता.

चौथं गाऱ्हाणं: गोळी सुरू होते, पण तिला शेवट नसतो.

पित्ताची गोळी दोन आठवड्यांसाठी दिलेली असते, ती पाच-सहा वर्षं चालते. झोपेची गोळी 'काही दिवस घ्या' म्हणून दिलेली असते, ती जन्माची सोबतीण होते. मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळतात, त्यामुळे डॉक्टरांकडे परत जायचं कारण उरत नाही. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, तर ब जीवनसत्त्वातलं बी-१२ कमी होऊ शकतं. साखरेची मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते. दोन्ही गोळ्या एकत्र चालू असलेले किती वृद्ध पायांना मुंग्या येतात म्हणून तक्रार करतात आणि आणखी एक ताकदीची गोळी घेऊन घरी जातात, हे तुम्हीच आठवून पाहा.

पाचवं गाऱ्हाणं वयाचं. पंचेचाळिशीच्या माणसाला आणि ऐंशीच्या माणसाला एकाच मापानं औषध लिहिलं जातं.

उतारवयात मूत्रपिंडाचं काम मंदावतं, औषध शरीरात जास्त काळ राहतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर स्नायू कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल दिसतो आणि मूत्रपिंड मात्र थकलेलं असतं. हे मला एका डॉक्टरांनीच समजावून सांगितलं. रक्तदाबाची विशिष्ट गोळी, लघवीची गोळी आणि गुडघ्यासाठी रोजची वेदनाशामक गोळी या तिघी एकत्र आल्या, तर मूत्रपिंडाला मोठा धोका असतो. आमच्या डब्यात या तिन्ही होत्या, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या.

वृद्धांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत, याची यादी मार्क बिअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ मध्ये केली. ती अधूनमधून सुधारली जाते. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये काय थांबवावं आणि काय सुरू करावं, अशा दोन याद्या केल्या. अ‍ॅस्पिरिनचंच बघा. हृदयविकार नसलेल्या, बहुतेक सत्तरीपुढच्या १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: केवळ खबरदारी म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेतल्यानं फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना स्टेंट आहे किंवा झटका येऊन गेला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. यजमानांना ती गोळी हवीच. पण आमच्या कॉलनीत कसलाही हृदयविकार नसताना 'रक्त पातळ राहावं' म्हणून ती घेणारी कितीतरी मंडळी आहेत. त्यांना कोणी सांगायचं?

सहावं गाऱ्हाणं आमच्या घराचं आणि दिवसाचं.

चिठ्ठीवर १-०-१ लिहिणं सोपं असतं. तो दिवस प्रत्यक्ष कसा जातो ते सांगते. मला थायरॉइड आहे. ती गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची, तिच्यानंतर चार तास कॅल्शियम घ्यायचं नाही. हाडांची गोळी आठवड्यातून एकदा, तीही उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. यजमानांची एक गोळी जेवणाआधी, एक जेवताना, एक जेवणानंतर, एक झोपताना. सकाळी सहा ते रात्री दहा आमचा दिवस गोळ्यांच्या वेळांना बांधलेला असतो. आणि आम्ही माणसं आहोत, आम्हाला सणवार आहेत. आषाढी एकादशीला यजमानांनी नेहमीप्रमाणे उपवास केला आणि नेहमीप्रमाणे साखरेची गोळीही घेतली. दुपारी दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली, मला ओळखेनात. साखर ५२ वर आली होती. गूळ-पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं आणि वृद्धांची साखर ते एकदम खाली आणू शकतं. 'उपवास करता का?' एवढाच प्रश्न वर्षातून एकदा विचारला असता, तर ती दुपार टळली असती.

आता, हे सगळं बदलू शकतं असं मी कशाच्या जोरावर म्हणते, ते सांगते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आम्हाला एका फिजिशियनांकडे जायला सुचवलं गेलं. त्यांनी फोनवरच सांगितलं, "घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. चूर्ण, काढा, मलम, थेंब, सगळं." त्यांनी पिशवी टेबलावर ओतली आणि प्रत्येक पाकीट हातात घेऊन विचारलं, हे कशासाठी? यजमानांना आधी झोपवून, मग उभं करून रक्तदाब मोजला. नाडी पाहिली, ती ४६ होती. त्यांनी थेंबांची बाटली उचलली. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. ते म्हणाले, "हे थेंब डोळ्यातून रक्तात जातात आणि हृदयाची गती कमी करतात. तुम्ही घेता ती मेटोप्रोलॉलची गोळीही तेच करते." सहा वर्षं हे दोन्ही चालू होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी माहीत नव्हती, हृदयाच्या डॉक्टरांना थेंब माहीत नव्हते, कारण थेंबांना औषध म्हणून आम्हीही कधी मोजलं नव्हतं. त्यांनी आमच्यासमोर दोन्ही डॉक्टरांना फोन लावले. दहा मिनिटांत थेंब बदलले आणि गोळी निम्मी झाली.

पुढच्या पाच महिन्यांत एकेक करून सहा गोळ्या बंद झाल्या. अ‍ॅम्लोडिपिन थांबवल्यावर तीन आठवड्यांत सूज उतरली, मग लघवीची गोळी गेली. चक्करेची, रोजची वेदनाशामक आणि ताकदीची गोळी गेली. झोपेची गोळी एकदम बंद केली नाही, दर पंधरा दिवसांनी पाव-पाव करत उतरवली. साखरेच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड काढून नुसती मेटफॉर्मिन ठेवली. पित्ताची गोळी मात्र मुद्दाम ठेवली. अ‍ॅस्पिरिन चालू असताना या वयात पोटाला तिची गरज आहे, असं त्यांनी समजावलं. आणि तपासणीत कमी निघालं म्हणून बी-१२ ची एक गोळी वाढवली. चौदातून सहा गेल्या, एक आली, नऊ राहिल्या. त्या प्रत्येक गोळीसमोर आता 'कशासाठी' आणि 'पुन्हा कधी बघायचं' हे लिहिलेलं आहे. पाचवा रकाना भरला.

यजमान आता काठी न घेता गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात. या सगळ्याची सुरुवात एका डॉक्टरांच्या पाऊण तासानं आणि दोन फोननं झाली. म्हणून तुम्हा सर्वांकडे माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली: साठीपुढच्या पेशंटला वर्षातून दोनदा सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा, आणि त्या दिवशी एकच काम करा, यातलं काय कमी करता येईल ते बघा. त्या वेळेची वेगळी फी घ्या. आम्ही आनंदानं देऊ. दरमहा गोळ्यांवर जातं, त्यापुढे ती फी काहीच नाही.

दुसरी: वृद्ध पेशंटच्या सगळ्या औषधांचा धनी कोण, हे तुमच्यात ठरवा. फॅमिली डॉक्टर असो वा फिजिशियन, कोणीतरी एक असावा आणि बाकीच्यांनी नवी गोळी त्याला कळवावी.

तिसरी: नवी तक्रार आली, की आधी जुनी यादी बघा.

चौथी: प्रत्येक गोळीपुढे दोन गोष्टी मराठीत लिहा: कशासाठी आणि कधीपर्यंत. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचा वार अक्षरात लिहा. संधिवाताची मेथोट्रेक्सेट रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं, हे तुम्ही जाणता.

पाचवी: डिस्चार्ज कार्डावर तीन याद्या करा: चालू ठेवायच्या, बदललेल्या आणि बंद करायच्या. तिसरी यादी असती, तर माझ्या हातून नऊ दिवस ती चूक झाली नसती.

सहावी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना. औषध सुरू कसं करावं, हे तुम्ही विद्यार्थ्यांना उत्तम शिकवता. ते थांबवावं कधी आणि कसं, हेही तितक्याच आवर्जून शिकवा. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते. तुमच्या विद्यार्थ्यांसमोर उद्या बसणार आहेत ते हेच लोक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर, टाळता येणारी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं आवाहन सगळ्या देशांना केलं, तेव्हा एकाच माणसाला चालू असलेली अनेक औषधं हा त्यातला एक मुख्य विषय होता. ते आवाहन आमच्या जिल्ह्यातल्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचावं.

आमच्या बाजूनंही काही गोष्टी व्हायला हव्यात, त्या मी माझ्या वयाच्या वाचकांना सांगते. एक वही करा आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे ती उघडून ठेवा. चूर्ण, काढे, थेंब, कोणाच्या सांगण्यावरून आणलेल्या गोळ्या, काहीही लपवू नका. गोळी लिहून दिली नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नका. आणि हे पत्र वाचून स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. हृदयाच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या, तर मोठा अपाय होतो. वजाबाकी डॉक्टरांनीच करायची आहे. आपण फक्त 'ही अजून हवी आहे का?' असं विचारायचं.

डॉक्टर, तुमच्या दाराबाहेर किती गर्दी असते, ते आम्ही रोज बाकावर बसून बघतो. एका पेशंटला पाऊण तास देणं किती अवघड आहे, हेही कळतं. पण बाथरूममध्ये पडलेला माणूस, उतरलेलं सोडियम, मोडलेलं मनगट हे सगळं शेवटी तुमच्याच दारात येतं आणि तेव्हा पाऊण तासापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं.

उद्या सकाळी तुमच्यासमोर पांढऱ्या केसांचा पहिला पेशंट बसेल, तेव्हा नवी गोळी लिहिण्याआधी त्याला एवढंच विचारा, "घरात कोणकोणत्या गोळ्या आहेत? पिशवी आणली आहे का?" आणली नसेल, तर पुढच्या वेळी आणायला सांगा.



आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सांगली